रविवारी कार्यक्रम आहे

फेब्रुवारी सरत आला की विट्याहून आटपाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वास सुरू होतो. द्राक्षं उतरलेली असतात, औषधाच्या पाण्यातून काढून शेडमधल्या जाळ्यांवर पसरलेली असतात, आणि ती वाळून बेदाणा होऊ लागला की शेड झाकून आत गंधकाची धुरी देतात. गोडसर, आंबूस आणि घशाला झोंबणारा असा तो वास. एस.टी.च्या खिडकीतून तो आत आला की शेजारची बाई पदर नाकाला लावते आणि पुन्हा मोबाइलात डोकं घालते. मी मात्र सावध होते. पिशवीतला फोन हाताला लागतो का ते बघते. तो बंद पडला नाही ना, आवाज बारीक राहिला नाही ना, कुणाचा निरोप वाचायचा राहिला नाही ना. दहावी-बारावीचे दिवस आले, एवढंच त्या वासाचं म्हणणं असतं. पण मला त्याची भीती वाटते, आणि ती दर वर्षी थोडी वाढतेच.

मी मुळात भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं काम ऐकलं की लोकांचा उलटाच समज होतो. घरात झुरळ निघालं तर मी पलंगावर आणि नवरा चप्पल घेऊन खाली, अशी आमची वाटणी आहे. आणि गेली नऊ वर्षं मी एका छोट्या संस्थेतर्फे गावोगाव जाऊन वयात येणाऱ्या मुलींना 'निर्भय मी' नावाचा धडा शिकवते. हातात चित्रांची मोठी वही असते. एका पानावर मान खाली घातलेली मुलगी, पुढच्या पानावर तीच मुलगी मान वर करून. पान मी उलटते, म्हणून ती मान वर करते. मुली हसतात. मीही हसते.

माझं माहेर वाईचं. तिथं आमच्या परीक्षा म्हणजे घाटावरच्या पायऱ्या, मांडीवर पुस्तक, महाबळेश्वराहून खाली आलेल्या स्ट्रॉबेरीच्या खोक्यांवरून मन हटत नाही म्हणून आईची बोलणी. भीती होती ती बीजगणिताची. पेपरच्या आदल्या दिवशी माझं पोट दुखायचं, आई ओवा द्यायची, वडील म्हणायचे, नापास झालीस तर पुन्हा बसशील, आभाळ कोसळणार नाही. आभाळ कोसळणार नाही याची खात्री आम्हाला घरातूनच मिळायची. शेवटचा पेपर दिला की दप्तर माळ्यावर आणि आम्ही नदीत. शेवटचा पेपर हीच एखादीच्या आयुष्यातली सगळ्यात भीतीची गोष्ट असू शकते, हे मला लग्न होऊन विट्याला आले तरी बरीच वर्षं माहीत नव्हतं.

आमच्या संस्थेचं काम तसं साधं. रविवारी मुलींचा वर्ग, त्यात रक्त तपासणं, गोळ्या देणं, पाळीबद्दल बोलणं, खेळ, गाणी. महिन्यातून एकदा 'कुटुंब बैठक', तिला बायका येतात. कुटुंबातले पुरुष आजवर एकदाही आलेले नाहीत, तरी नाव कुटुंब बैठकच आहे. तरुण मुलग्यांचाही एक गट आहे. तो मुख्यतः आमच्या अहवालात भेटतो. आणि या सगळ्याला आम्ही एकच शब्द वापरतो: कार्यक्रम. कार्यक्रम घेतला, कार्यक्रम झाला, पुढचा कार्यक्रम कधी.

आता हा शब्द गावातही आहे, आणि आमच्या आधीपासून आहे. पारावरची पोरं एखाद्याला आडवं केलं की त्याचा 'कार्यक्रम केला' म्हणतात. आणि घरात मुलगी मोठी झाली, पाहुणे बघायला यायचे ठरले, की बायका एकमेकींना हळू आवाजात सांगतात, उद्या आमच्यात कार्यक्रम हाय. कसला, ते कुणी विचारत नाही. त्या भागात इतकी वर्षं वावरणाऱ्या माझ्यासारखीलाही ते विचारायची गरज पडायला नको होती.

ऋतुजा आमच्या एका वर्गातली. दहावीत होती. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्ग तिच्या चुलत्यांच्याच खोलीत भरायचा, त्यांच्या बेदाण्याच्या शेडला लागून असलेल्या. त्यांना सगळे अण्णा म्हणत. खोली त्यांनी स्वतःहून दिली होती, वर दर रविवारी पंखा चालतो का ते बघायला यायचे. ऋतुजाचे वडील गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं हे काम. आमच्या भागातली किती तरी माणसं त्यासाठी देशभर पांगली आहेत. वडील कोईमतूरला, वर्षातून एकदा जत्रेला येणार. घरातला शब्द अण्णांचा. ऋतुजाची आई सुवर्णावहिनी कुटुंब बैठकीला यायची, दाराजवळ बसायची, डोक्यावरचा पदर दातात धरून सगळं ऐकायची आणि एक अक्षर न बोलता निघून जायची. मी तिच्या नावापुढे हजेरीची खूण करायचे आणि मनात म्हणायचे, हिच्या डोक्यात काही शिरत असेल असं वाटत नाही.

ऋतुजाला मात्र प्रश्नच प्रश्न. रक्तगट बदलतो का, लोखंडाच्या कढईत भाजी केली तर लोहाची गोळी चुकवलेली चालेल का. मिरजेला नर्सिंगला जायचं, एवढं तिनं ठरवून टाकलं होतं. मिरजेतली दवाखान्यांची गल्ली तिनं एकदा आजीला नेताना पाहिली होती. "ताई, तितल्या शिस्टर लय भरभर चालत्यात," ती म्हणायची. तिला ते भरभर चालणं आवडलं होतं.

मार्चमध्ये दहावीचे पेपर चालू होते. मधल्या रविवारी विट्यात आमचा महिला दिनाचा कार्यक्रम होता. शुक्रवारी दुपारी मी छापखान्यात उभी होते, फलकावर 'सक्षमीकरण' चुकीचं छापून आलं होतं म्हणून वाद घालत. फोनवर निरोप आला, सुवर्णावहिनींच्या नंबरावरून, पण लिहिणं ऋतुजाचं. 'ताई रविवारी कार्यक्रम आहे. तुम्ही याल का.'

मी उत्तर लिहिलं, 'हो बाळा, येणार म्हणजे काय. तूही छान आवरून ये, फोटोत दिसायला हवीस.'

थोड्या वेळानं एकच शब्द आला. 'बरं.'

माझाच कार्यक्रम, आणि मीच येणार का असं ती कशाला विचारेल, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. फलक दुरुस्त करून घेतला, रिक्षात टाकला आणि घरी आले. रविवारी ऋतुजा आली नाही. परीक्षा आहे, अभ्यास करत असेल, असं म्हणून मी तिच्या नावावरची खुर्ची दुसरीला दिली.

सोमवारी पेपर सुटायच्या वेळी आम्ही केंद्राबाहेर मुलींना लिंबूसरबत देत होतो. ऋतुजा बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही मनगटांना रुमाल गुंडाळलेले होते. मला वाटलं, पडली की काय. तिनं रुमाल सोडले. आत मनगटभर हिरव्या काचेच्या बांगड्या. लिहिताना वाजतात, बाकीच्यांना त्रास होतो, म्हणून वर्गावरच्या सरांनी गुंडाळायला लावल्या होत्या.

मी विचारलं, "काल कार्यक्रमाला का नाही आलीस?"

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही, नवल वाटल्यासारखी. "ताई, कार्यक्रम आमच्यातच हुता की. तुमी येतो म्हनला हुता."

पाहुणे रविवारी सकाळी आले होते. मुलगी बघितली, पसंत केली, तिथंच सुपारी फोडली, साडी-बांगड्या घातल्या. मुलगा तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा, तामिळनाडूत गलाईचं दुकान. शेवटचा पेपर झाला की आठव्या दिवशी लग्न. हे सगळं तिनं मला रांगेत उभं राहून, खालच्या आवाजात, पेपरात काय आलं होतं ते सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाली, "तुमी आला असता तर पाव्हण्यांम्होरं अण्णा जरा दबकलं असतं, असं मला वाटलं हुतं." आणि एस.टी. आली म्हणून पळाली.

मुलांच्या मदतीसाठी एक चार आकडी नंबर असतो. तो फिरवला, सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरलंय एवढं सांगितलं, की पुढची चाकं हलतात. नाव सांगावं लागत नाही. हे मी शेकडो जणींना शिकवलं आहे. पण गावात नाव सांगावं लागत नाही आणि लपतही नाही. मी फोन केला तर खोली जाणार, वर्ग जाणार, बाकीच्या तीस मुली जाणार; नाही केला तर ही एक जाणार. मंगळवारी मी आमच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, आधी घरच्यांशी बोल. बुधवारी मी अण्णांकडं गेले.

अण्णांनी नेहमीसारखं स्वागत केलं, द्राक्षांची पाटी पुढं ठेवली. मी कायद्याचं बोलले, वयाचं बोलले, अंगातल्या रक्ताचं बोलले. त्यांनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आवं ताई, तुमचं म्हननं खोटं न्हाई. पन मला भ्या वाटतंय. पल्याडच्या वस्तीवरची पोरगी कालेजला म्हनून गेली ती आजून घरला न्हाई. हिचा बाप तिकडं लांब. उद्या काय इपरीत झालं तर मानसं मला इच्यारनार, त्याला न्हाई. तुमी तवा इट्याला आसनार."

ते गुंडगिरीनं बोलले असते तर मला बरं झालं असतं. त्यांचे डोळे खरंच घाबरलेले होते. फोनवर कोईमतूरहून ऋतुजाचे वडील म्हणाले, अण्णा म्हणतील तसं. सुवर्णावहिनी चहा घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला, आणि कप ठेवताना बशीत थोडा सांडला. त्या घरात त्या दिवशी आम्ही सगळेच भ्यालेलो होतो, प्रत्येकाची भीती तेवढी वेगळी होती.

गुरुवारी धुणं वाळत घालताना मी ते चार आकडे फोनवर लिहिले आणि पुसले. शुक्रवारी तीनदा. अण्णांचे डोळे आठवायचे, बंद पडलेली खोली दिसायची, मग त्या दोन मनगटांवरचे रुमाल. आणि खरं सांगायचं तर याहून साधी भीतीही होती. त्या रस्त्यानं मला एकटीला जावं लागतं. शुक्रवार तसाच गेला.

शनिवारी दुपारी अण्णांच्या दारात जीप आली. ग्रामसेवक, अंगणवाडीच्या बाई, दोन पोलीस आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या एक मॅडम. अण्णांकडून आणि वहिनीकडून हमीपत्र लिहून घेतलं: मुलीला अठरा पुरी होईपर्यंत लग्न करणार नाही. कोईमतूरला फोन लावून बापाकडूनही वदवून घेतलं. तासाभरात जीप गेली आणि संध्याकाळच्या आत गावभर झालं, ताईनं केलं.

मी केलं नव्हतं.

हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तो फोन माझा नव्हता. कुणाचा होता ते मला माहीत नव्हतं. रविवारी वर्गावर गेले तर खोलीला कुलूप, आमचा फलक गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवलेला. अण्णा शेडच्या दारात उभे होते. मला बघून ते आत निघून गेले. संस्थेत मात्र सगळ्यांनी पाठ थोपटली. अहवालात वाक्य आलं, कार्यकर्तीच्या दक्षतेमुळे बालविवाह रोखला. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आधी वाटलं, आज सांगू, उद्या सांगू. मग विट्याच्या स्टँडवर कॉलेजला जाणारी ऋतुजा भेटली आणि म्हणाली, "ताई, तुमच्यामुळं." तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अभ्यास कसा चाललाय ते विचारलं.

तेव्हापासून मला दोन प्रकारची भीती आहे. एक, कुणीतरी समोर येऊन म्हणेल, तो फोन तुझा नव्हता. आणि दुसरी, कॅलेंडरची. हमीपत्रात तारीख असते, आणि तारीख चालत येते. दोन वर्षं ऋतुजा त्या कागदाच्या आडोशाला शिकली. अकरावी झाली. बारावीचे पेपर आता चालू आहेत. दुसऱ्या गावात, समाजमंदिराच्या ओट्यावर, मी नव्या मुलींपुढं तीच चित्रांची वही उघडते. मान खाली घातलेलं पान उलटताना बोटं अडखळतात. मुलींना वाटतं, पानं चिकटली असतील. मार्चच्या मधल्या बुधवारी ऋतुजाला अठरा पूर्ण होतात.

म्हणून या सोमवारी मी त्या गावाला गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा. अण्णा बेदाणा घेऊन तासगावला सौद्याला गेलेत हे एस.टी.तच कळलं होतं, आणि हे कळलं म्हणूनच मी पुढं गेले, नाहीतर मधल्या फाट्यावरच उतरले असते. ऋतुजा पेपरला गेलेली. शेडखाली सुवर्णावहिनी एकटीच बेदाण्यातल्या काड्या निवडत बसली होती. मला बघून तिनं पोतं पुढं सरकवलं, बसायला. मी बसले, माझेही हात बेदाण्यात गेले.

मग मी म्हटलं, "वहिनी, एक सांगायचंय. त्या वेळचा तो फोन मी केला नव्हता."

तिचे हात थांबले नाहीत. "म्हाईत हाय," ती म्हणाली. "म्याच केलावता."

"कुठून केलात?" मी विचारलं.

"गोठ्याच्या मागं जाऊन केला. तुमी बैठकीत बायकांस्नी हुबं करून त्यो नंबर पाठ करून घेत हुता न्हवं. मी दाराशी बसून म्हनत हुते मनातल्या मनात. त्या बाईनं इच्यारलं, तुमी कोन. म्हनलं, गावातली हाय." तिनं एक काडी बाजूला टाकली. "गावात तुमचं नाव झालं, लय बरं झालं. माझं कळलं असतं तर ह्या घरात मला थारा न्हवता. तुमी न्हाई म्हनला न्हाईसा, म्हनून मी निभले. आज आण्णास्नी बी तसंच वाटतंय, पोरीला बी तसंच. तसंच ऱ्हाऊ द्या."

माझ्या भित्रेपणाचा कुणाला उपयोग झाला असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. हायसं वाटायला हवं होतं. उलट लाज वाटली, आणि दाराशी बसणाऱ्या त्या बाईच्या डोक्यात काही शिरत नाही असं मी मानत होते, त्याची तर फारच. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे. तिचं स्वतःचं लग्न सोळाव्या वर्षी झालं.

"बुधवारी अठरा हुतीया," ती म्हणाली. "पाव्हणं दोन वरीस थांबल्यात. पाडव्याच्या आदी उरकायचं म्हनत्यात आण्णा. ती मला म्हनती, आई, मिरजंचा फारम भर. मी कुटनं भरू? तवा ती ल्हान हुती, म्हनून जीप आली. आता कुटला नंबर लावायचा, त्यो सांगा."

बायकांसाठीही नंबर असतात. मी ते सांगितले, घाईघाईनं, धडा म्हणून दाखवावा तसे. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्ये येतील आन पोरीलाच इच्यारतील, तुला लगीन करायचं हाय का न्हाई. चुलत्याम्होरं ती काय सांगनार? गप बसंल. गप बसली की व्हय म्हनली असंच धरत्यात." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. "तिच्या शेजारी कुनीतरी मानूस हुबं ऱ्हायाला पायजे, त्या वक्ताला. तुमचा नंबर सांगा. फोनातला आण्णांनी तवाच पुसायला लावलाय."

मी म्हटलं, द्या फोन, टाकून देते.

"फोनात नगं. त्ये बगत्यात. तोंडानं सांगा."

मी सांगितला. दहा आकडे, दोन दोन करून. तिनं डोळे मिटून म्हणून पाहिला. मधले दोन इकडचे तिकडं झाले. मी पुन्हा सांगितला. या वेळी शेवटचा आकडा चुकला. आणि मला लिहायलाही लाज वाटते, पण प्रत्येक चुकीला माझ्या आत कुठंतरी थोडं हलकं वाटत होतं. नाही आला पाठ, तर नाही वाजणार फोन. अण्णांच्या अंगणात, पाहुण्यांच्या समोर, त्या मुलीच्या शेजारी मला उभं राहावं लागणार नाही.

तिसऱ्यांदा तिनं दहाही आकडे बरोबर म्हटले. मी पिशवीतला फोन काढला आणि आवाज बारीक राहिला नाही ना ते बघितलं.